वॉर्डामागच्या दोन खोल्या

भाचीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी धुळ्याला घेऊन गेलो होतो. मला हे जमणार नाही, परत जाऊ, असं ती सकाळपासून म्हणत होती. सरकारी दवाखान्याच्या आवारात, कॉलेजसमोरच्या बाकावर शेजारी साक्रीकडच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या, याच दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. बोलता बोलता त्यांनी भाचीचा हात हातात घेतला आणि त्यांची बोटं सवयीने नाडीवर गेली.

समोरच्या चार मजली कॉलेजकडे बघत त्या म्हणाल्या, "आम्ही शिकलो तेव्हा वॉर्डामागे दोनच खोल्या होत्या. पोरगी परक्या माणसांना हात लावते म्हणून गावात बोलणं झालं, अन् वडील मला न्यायला आले. त्याच दिवशी आमच्या गावची एक बाई वॉर्डात बाळंतपणात अडली होती. वडील बाहेर थांबले. संध्याकाळी मी बाळ घेऊन बाहेर आले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, म्हणाले, 'माय, तू आठेच राय.' अन् मला इथेच ठेवून एकटेच गावाला परतले."

"तुम्हाला भीती नाही वाटायची?" भाचीने विचारलं.

"वाटायची ना. भीती असते म्हणून तर हात जपून लागतो, बेटा."

आतून भाचीचं नाव पुकारलं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि मला सोबत न बोलावता एकटीच आत गेली.