अर्धा कोयता

सुनंदा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं. "ताई, टोळी दुसऱ्या फडाला चालली व्हती... ट्रॉली उलटली. सुनी खाली सापडली." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'ऊसतोड मजूर महिला ठार'. नावसुद्धा नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडवर ही बाई पीएचडी करत होती, हे छापायला कुणाला जागा असणार!

अंबाजोगाईत एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मी गॅरेजवाल्याची मुलगी, ती वडवणीकडच्या ऊसतोड्यांची. राणीच्या काळातल्या त्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या उघडल्या की मला झोप यायची. ती मात्र शेजारचं भांडण ऐकावं तशी कान टवकारून वाचायची. गिरणीत बोटं गमावलेल्या पोरी, खाणीत उतरणाऱ्या बाया... "नसीम, तिकडं मजुराला नुसतं हात म्हणायचे. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हंजी अर्धा. मंग हे लोक परके कसे गं?"

यावरच तिनं प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "इंग्लंडच्या अभ्यासात बीड जिल्हा कशाला? हे काढा, लगेच सही करतो." मीही म्हटलं, काढ बये, आधी डॉक्टर हो. आजही तेच म्हणेन. पण ती हट्टाला पेटली. "तेच काढलं तर मी शिकले कावून?"

त्यातच भावजय अंथरुणाला खिळली. जोडी मोडली की मुकादम टोळीत घेत नाही, म्हणून भावाची जोडी पुरी करायला सुनंदाच निघाली. हंगाम संपला की प्रकरण पुरं करते, म्हणाली. फडावरून फोन यायचा तेव्हा तिला धाप लागलेली असायची, आणि बोलणं मात्र त्या गिरण्यांचंच. मला तिचा राग येतो, अजून येतो. अपघातांवर एवढं वाचलेली बाई त्या ट्रॉलीवर चढलीच कशी? पण टोळीला दुसरं वाहन होतं कुठे...

परवा तिच्या घरी गेले. लिहायच्या बोटांना फोड येऊ नयेत म्हणून सुनंदानं कोयत्याच्या मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. तिची आई ती सोडून पुन्हा घट्ट आवळत बसली होती. मला वाटलं, आठवण म्हणून जपून ठेवतेय.

"उद्या जातेय पोराबरुबर," ती म्हणाली. "हंगाम बाकी हाय. पर मुकादम म्हणतो, म्हातारी अर्ध्यातबी बसत न्हाई." चिंधीची गाठ मारून तिनं विचारलं, "तिकडं सायबाच्या देशात म्हातारीला काय धरायचे गं? सुनी सांगायची सारं..."

सुनंदानं सांगितलं असतं.