गायत्रीत मागितलेला चहा

अर्धांगाचा झटका आल्यानंतर बाबांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला तो गायत्री मंत्राचा. हॉस्पिटलची खाट, नाकात नळी, लुळा उजवा हात उशीवर, आणि अख्खा मंत्र कुठेही न अडखळता. नर्सने हात जोडले. आईने डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो, आता उद्या बोलायला लागतील आणि परवापासून भांडायला.

तसं झालं नाही. पाणी हवं का विचारलं तर गायत्री. पाय चेपू का विचारलं तर गायत्री. डॉक्टरांनी नाव विचारलं, बाबांनी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पुन्हा मंत्रच आला. ते स्वतःच दचकले. आणखी एकदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग त्यांनी ओठ मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली.

आमच्या आचरा गावात बाबांइतका बोलका माणूस दुसरा नसेल. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. लोकांचे बांध किती सरकलेत ते त्यांच्याच तोंडावर सांगायचं, हा पोटापाण्याचा धंदा, आणि निवृत्तीनंतर तोच छंद. लग्नपत्रिकेतला श्लोक, टीव्हीवरची बातमी, मी जामसंड्याला जिथे रक्त तपासायचं काम करते त्या लॅबची पाटी, चूक दिसली की त्यांना राहवत नसे. घरात तर प्रत्येक वाक्याआधी "आयकलंस गो?" अशी आईला हाक. चहा हवा, "आयकलंस गो?" चष्मा सापडत नाही, "आयकलंस गो?" आई आतून वैतागून "काय ता?" म्हणायची. दिवसभर हे चालायचं आणि आम्हा कुणाला ते ऐकूसुद्धा येत नसे.

मंत्र मुंजीपासूनचा. सकाळी आंघोळ करून बाबा पडवीतल्या बाकावर पूर्वेकडे तोंड करून बसत आणि जप करत. समोर खळं म्हणजे अंगण, पलीकडे माडांच्या झावळ्या, रस्त्यावरून ओरडत जाणारी मासेवाली, यातलं काहीच त्यांना अडवत नसे. लहानपणी मी अर्थ विचारला होता. ते म्हणाले, "ह्या मंत्रात काय मागलेला नाय. पैसो नाय, झील नाय. आमच्या बुद्धीक पुढे ढकल, इतक्याच." मी विचारलं, पैसा नाही, मुलगा नाही, मग आपल्याला मिळतं काय? म्हणाले, "बुद्धी चलली की चूक कळता." मला ते उत्तर तेव्हा अगदीच कंजूष वाटलं होतं.

आमच्याकडे बायका गायत्री म्हणत नसत. तशी बंदी कुणी लावली नव्हती, पण म्हणत नसत. बाबा चारचौघांत असल्या नियमांना खुळचट म्हणायचे, आणि घरी आईला "तूही बस" असं कधी म्हणाले नाहीत. मी एकदा हे त्यांना सुनावलं, तर त्यांनी माझ्या वाक्यातली चूक काढली. माझा स्वतःचा देवाधर्माशी फारसा संबंध नाही, त्यामुळे मीही तो विषय सोडून दिला. आई मात्र रोज तो जप चुलीपाशी, भाकरी थापता थापता ऐकत होती.

गोव्याच्या हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक तरुण बाई होती, गळ्यात बारीक क्रूस, बोलणं कोकणी. तिने मला नीट समजावलं. बाबांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, जिभेपर्यंतची वाट तुटली आहे. पाठ असलेली प्रार्थना, गाणी, शिव्या वेगळ्या वाटेने येतात, म्हणून त्या शाबूत राहतात. "तुमचें नशीब बरें," ती हसून म्हणाली. "म्हज्या एका पेशंटाक फकत गाळी येतात." मी म्हटलं, आमच्या बाबांना त्याच जास्त उपयोगी पडल्या असत्या.

निघताना तिने आईला एक सल्ला दिला. मागायच्या आधी सगळं हातात देऊ नका. थोडं अडू दे, थोडा राग येऊ दे. राहवेनासं झालं की एखादा शब्द स्वतःहून फुटेल. एकदा फुटला की मग पुढचं आपण बघू. आणि फार उशीर लावू नका, असंही ती म्हणाली.

आम्ही घरी आलो आणि गावाने आपला निर्णय घेऊन टाकला. या माणसाची भाषाच उरली नाही, उरला फक्त मंत्र, म्हणजे हा सिद्ध झाला. आधी शेजारणी आल्या, मग वाडीतले लोक, मग कुणकेश्वराला जाऊन परतणारी माणसंही वाट वाकडी करून येऊ लागली. बाकाखाली नारळ जमले. पायांवर जास्वंदी. ज्यांना बाबांनी आयुष्यभर बांधावरून झापलं होतं ते आता त्यांच्यापुढे डोकं टेकत होते, आणि बाबा रागाने लाल होऊन मंत्र म्हणत होते. त्यांचा आवाज जितका चढे तितकी समोरची मान खाली जाई. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची.

एक गृहस्थ जमिनीच्या दाव्यासाठी आले. निकाल आपल्या बाजूने लागेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ती जमीन बाबांनीच मोजली होती, आणि बांध या गृहस्थांनीच सरकवला होता, हे मला घरातल्या भांडणांवरून पाठ होतं. बाबा डाव्या हाताने बाक बडवत, थुंकी उडवत, तीन-चारदा अख्खी गायत्री म्हणाले. गृहस्थ गहिवरले. "माका आशीर्वाद गावलो," असं म्हणत ते खळं ओलांडून गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुरती तरी त्यांना एखादी शिवी यायला हवी होती.

आई या गर्दीला चहा देत नसे, हा तिचा निषेध. तिला एव्हाना दुसरीच विद्या आली होती. मी स्वयंपाकघरात असले की पडवीतून मंत्र ऐकू यायचा आणि आई म्हणायची, "चाय व्हयी तेंका." थोड्या वेळाने पुन्हा मंत्र. "साखर कमी पडली, म्हणतत." पंखा, पांघरूण, पेजेबरोबर खारातली मिरची, सगळं तिला त्याच मंत्रातून कळायचं. मी नुसता चढउतार ऐकायचे, मला काहीच उलगडायचं नाही. सकाळचा जप तेवढा ती वेगळा ओळखायची. "तो देवाक. बाकीचो माका," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग तुझं तर सगळं भागतंय. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "माका हाक नाय मारणत." एवढंच. मग नळ मोठा सोडला.

त्यानंतर तिने गोव्याच्या बाईचा सल्ला मनावर घेतला. चहात साखर घातली नाही. बाबांनी मंत्र म्हणून कप सरकवला. चष्मा उंच फळीवर ठेवला. बाबा मंत्र म्हणत फळीकडे बघत राहिले, आणि शेवटी तिलाच बघवलं नाही, तिने काढून दिला. पेज अळणी दिली, ती त्यांनी निमूट खाल्ली. हे सगळ्यांत वाईट झालं. हा माणूस अळणी पेज निमूट खाईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मला भीती वाटू लागली की बाबांनी हाच आपला शेवट म्हणून पत्करलाय, आणि राहवेनासं होणं आता संपलंय.

मग एक दिवस सकाळी आई आंघोळ करून पडवीत आली आणि बाबांच्या शेजारी बाकावर बसली. त्या बाकावर त्या वेळी ती कधीच बसली नव्हती. बाबांनी सुरुवात करण्याआधी तिनेच सुरुवात केली. आवाज बारीक, पण स्वच्छ. मी दारात उभी राहिले. बाबांचे ओठ उघडे तसेच राहिले. ते तिच्याकडे असे बघत होते, जणू घरातल्या भिंतीने तोंड उघडलं होतं.

एकदा तिने मंत्र पुरा म्हटला. दुसऱ्यांदा म्हणताना मधला 'भर्गो' गाळला आणि पुढे गेली. बाबांची मान हलली. तिसऱ्यांदा पुन्हा गाळला. बाबांनी डावा हात वर केला, थांब अशा अर्थाने. ती थांबली नाही. डोळे मिटून तिने पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तो शब्द ओलांडला. बाबा पुढे झुकले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं आता मंत्रच येणार. त्यांनी बाकावर थाप मारली.

"चुकलंस गो!"

खळ्यात कोंबडी चरत होती, ती पळाली. बाबांनी स्वतःच्या तोंडाला हात लावला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आईने डोळे उघडले. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"काय म्हटलास?" तिने विचारलं. "माका नीट आयकाक नाय इला."

बाबांना घाम फुटला. बऱ्याच वेळाने, तुकड्यातुकड्याने, पण मंत्राशिवाय, ते पुन्हा म्हणाले, "चुक...लंस गो."

"काय ता?" आई म्हणाली.

पुढे गोव्याच्या बाईने त्या दोन शब्दांमागोमाग आणखी काही शब्द बाहेर काढले. बाबा लोकांना "घराक जा" म्हणू लागल्यावर सिद्धपुरुषाची गर्दी हां हां म्हणता ओसरली. नारळ आम्ही वाटून टाकले.

पण तो पहिला शब्द फुटला त्याच दिवशी दुपारी आई विहिरीवर कपडे पिळत होती आणि आपल्याच नादात मंत्र म्हणत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'भर्गो'सकट. मी ऐकतेय हे तिला कळलं. "लग्न होऊन इल्यापासून आयकतंय," ती म्हणाली, "चुकान कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बाकावर जाऊन बसली, आणि या वेळी वेगळ्याच शब्दावर चुकली.