पोराच्या जागेवर

उन्हाळा लागला तरी भावाअभावी लोकांच्या घरांत कापूस पडून होता, त्या वर्षीची ही गोष्ट. घाटंजीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात चौदा एप्रिलला पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत सलग वाचन चाले. मुलं आधी नावं देत, खुर्च्यांवर तशा चिठ्ठ्या लागत. मी तिथली ग्रंथपाल.

त्या दिवशी एक अनोळखी बाई आली, ओले हात पदराला पुसून एका मुलाच्या खुर्चीत बसली आणि समोरचं पुस्तक उघडलं. शेजारची मुलगी पान उलटायची, तेव्हाच ती उलटायची. दुपारी मी हळूच विचारलं.

"मले वाचता येत नाही, मॅडम. पोरानं नाव देल्लं होतं, पण त्याले कापसाच्या जिनिंगात कामाले जा लागलं. मंग त्याची जागा खाली कायले ठेवाची?"

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी सगळे उठले, तेव्हा तिनं पदराला चिकटलेला कापूस खुणेसाठी पानात घातला. म्हणाली, "इथवर झालं. पोरगा आला का इथून पुढं वाचन."

जूनमध्ये कॉलेज पुन्हा उघडलं, पण पोरगा आला नाही. ते पुस्तक कुणी मागितलं तर मी देते. परत आलं की कापूस त्याच पानात आहे ना, तेवढं पाहते.