हणमाला भीती वाटेनाशी झाली

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "आलो" म्हटलं, फोन ठेवला आणि तसाच पडून राहिलो. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही. आली ती भीती. तोंडावर एवढी मोठी गाडी, चार स्टँडवर उभी, आणि ते स्टँड मी लावलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात आलं, नीट लागलेत ना हे? मी सरपटत बाहेर आलो, चारही स्टँड हलवून पाहिले, आणि मग हात धुऊन करंजाड्याला त्यांच्या घरी निघालो.

त्याला आता दीड महिना झाला. हणमंत माझा भागीदार. सगळे त्याला हणमाच म्हणायचे. शिरवण्याच्या कारखान्यांच्या गल्लीत आमची पत्र्याची शेड आहे. मी तळवलीचा, वडिलांची शेती होती तिथे आता इमारती आहेत. त्याचे वडील साताऱ्याकडून आलेले, मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे एकाच शेडमध्ये आलो. डोंगरात, नदीनाल्यांत गाडी घालणाऱ्या हौशी लोकांच्या जीपना स्किड प्लेट बसवणं हे आमचं मुख्य काम. स्किड प्लेट म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली लावायचा जाड पत्रा. गाडी दगडावर आदळली तर घाव पत्र्यानं खावा, इंजिनानं नाही. लोक ती ऑनलाइन मागवतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, खास तुमच्या गाडीसाठी, अर्ध्या तासात बसते. कधीच बसत नाही. एक भोक जुळलं की दुसरं पाव इंच सरकलेलं. चासीतला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातला, नट आतल्या आत गरागरा फिरतो. ऑइल सोडायचं भोक भलतीकडेच. एकदाची बसली असं वाटावं, तर गाडी चालू केल्यावर सायलेन्सरला लागून अशी खडखडते की गिऱ्हाईक आपल्याकडे बघतं आणि आपण आढ्याकडे. या न बसणाऱ्या प्लेटा बसवण्यावर आमची दोन घरं चालली.

हणमासारखा भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. त्याची बाईक कधी चाळीसच्या वर गेली नाही. घरातून निघाला की गॅस बंद आहे का हे पाहायला दोनदा परत जायचा, चौथ्या मजल्यावर, तेही जिन्यानं, कारण लिफ्टवर विश्वास नाही. आम्ही त्याची यथेच्छ टर उडवायचो. पण गाडीखाली गेला की हीच भीती कामाला यायची. प्लेटचे सगळे बोल्ट तो आधी दोन-दोन आटेच लावायचा, प्लेट लोंबती ठेवायचा आणि खाली पडून नुसता बघत राहायचा. भोक जुळत नसेल तर कानस घेऊन प्लेटचं भोक लांबट करत बसायचा, अर्धा अर्धा दिवस. मी म्हणायचो, अरे, ब्रॅकेट सरकव थोडं, पाच मिनिटांचं काम. तो ऐकायचा नाही. प्लेट धरणारं ब्रॅकेट चासीला लागतं, चासीच्या कडेनं ब्रेकचा पाइप गेलेला असतो, पेन्सिलीपेक्षा बारीक. सरकवलेलं ब्रॅकेट त्याला टेकलं तर? उभ्या गाडीत नाही टेकलं, पण चढावर सगळं हलतं तेव्हा टेकलं तर? घासून घासून पाइप फुटला तर? आणि तेव्हा गाडी घाट उतरत असली तर? असं त्याचं चालू झालं की मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

एवढ्यावर भागत नसे. मी बसवलेल्या गाडीखालीही तो जायचा. मी हात पुसून चहाला गेलो की हा टॉर्च घेऊन आत. परत आलो की त्याचे पाय बाहेर दिसायचे. कधी एखादा वॉशर बदललेला असायचा, कधी एखादा बोल्ट पुन्हा आवळलेला, कधी काहीच नाही. मला याचा मनस्वी राग यायचा. सुरुवातीच्या काळात एकदा मी पाना आपटून विचारलं होतं, "माज्यावर भरोसा नाय का तुजा?" तो गाडीखालूनच म्हणाला, "भरोसा हाय रं. पर भ्या वाटतंय, त्याला काय करू?" त्या दिवसापासून मी चहा जरा सावकाश प्यायला लागलो.

मागच्या थंडीत तो बदलला. आधी मला कळलंच नाही. एका सकाळी पाम बीच रस्त्यावर कुणीतरी हॉर्न मारत मला ओव्हरटेक करून गेलं, बघतो तर हणमा, आणि हसतोय. मग गाड्या लवकर बाहेर पडायला लागल्या. पूर्वी दोन दिवस अडवलेली गाडी तो आता त्याच संध्याकाळी सोडायचा. गाडी जाण्याआधी गिऱ्हाइकाला डझनभर सूचना द्यायचा, त्या बंद झाल्या. आणि मी चहाहून परत आलो की तो खुर्चीवर बसलेला असायचा, पेपर वाचत. मी गमतीनं म्हटलं, आज माझ्या गाडीखाली गेला नाहीस? तो म्हणाला, "जाऊ दे रं, व्हतंय." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, पन्नाशीला का होईना, माणूस सुधारला. एवढ्या वर्षांनी माझ्या कामाला मान मिळाला असं वाटलं. तीन महिने आम्ही असे मजेत काढले.

मग एका दुपारी तो एका बोल्टला पाना लावून नुसता उभा राहिला. बराच वेळ. मी विचारलं, काय झालं? त्याला बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो ते आठवत नव्हतं. तो हसला. मी त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि वहिनींना फोन लावला.

मेंदूच्या पुढच्या भागात गाठ होती, बरीच मोठी. डॉक्टरांनी मला आणि वहिनींना समोर बसवून विचारलं की गेल्या काही महिन्यांत स्वभावात काही फरक जाणवला का. मी नाही म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "आधी लई घाबरायचे. आता घाबरत न्हाईत." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी मला सांगत होत्या की रात्री गॅस न बघता ते झोपायला लागले तेव्हा त्यांना किती बरं वाटलं होतं, त्यांनी भावाला फोन करून कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं. मी त्यांना पेपर वाचणाऱ्या हणमाबद्दल सांगितलं नाही. आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत थोडा थोडा नाहीसा होत होता आणि आम्ही दोघं खूश होतो. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

पाच आठवडे तो दवाखान्यात होता. शेवटच्या भेटीत त्याला बोलता येत होतं, पण शब्द सापडत नव्हते. एकदाही घाबरला नाही. नर्सला हात हलवून टाटा करायचा. लोक म्हणाले, किती शांतपणे गेले. जो माणूस आयुष्यभर लिफ्टला घाबरला तो मरणाला घाबरला नाही, यात मला काही शांत वाटलं नाही. मला ते फार भयंकर वाटलं.

तेराव्यानंतर मी शेडमध्ये आलो आणि कामाची वही काढली. हे काम खरं तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या करायला हवं होतं. त्या धावपळीत मी ते मागे ढकलत राहिलो. ज्या माणसाला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे आठवत नव्हतं, त्यानं तीन महिने लोकांच्या गाड्यांखाली काम केलं होतं. वहीत त्या तीन महिन्यांत प्लेट बसवलेल्या नऊ गाड्या होत्या, त्याच्या आणि माझ्या मिळून. मी एकेकाला फोन लावला आणि सांगितलं, माझा भागीदार आजारी होता, त्या काळातलं काम पुन्हा तपासायचंय, गाडी घेऊन या. प्रत्येक फोन उचलला जाईपर्यंत मी मनात घाट, वळणं, लहान मुलं बघायचो.

आठ गाड्या आल्या. सहा हणमाच्या हातच्या होत्या. मी टॉर्च घेऊन एकेका बोल्टपाशी गेलो. एकही ढिला नव्हता. जिथं भोक जुळत नव्हतं तिथं कानस मारलेली होती, कडा गुळगुळीत. ब्रेकच्या पाइपापासून माझं बोट सहज आत जाईल इतकं अंतर. डोक्यातली भीती गेली होती, पण हातांनी आपलं काम जुन्याच पद्धतीनं केलं होतं. मी सहाव्या गाडीखाली पडून रडलो, पहिल्यांदा. उरलेल्या दोन मी बसवलेल्या. म्हटलं, आलोच आहोत तर बघून टाकू. एकीत दोन बोल्टांना वॉशरच नव्हते आणि एक बोल्ट हातानं फिरत होता.

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं माझ्या कामात काही निघालं नाही ते का, हे मला त्या वेळी कळलं. आणि पाठोपाठ नववी गाडी आठवली. नेरुळच्या दातांच्या डॉक्टरांची, शेळक्यांची. तीही मीच केली होती. तिचं भोक जुळत नव्हतं आणि मी ब्रॅकेट सरकवलं होतं. पाच मिनिटांचं काम. मी चहा पिऊन आलो तेव्हा हणमा पेपर वाचत होता.

शेळके बायको-मुलीला घेऊन हिमाचलात स्पितीला गेले होते. फोन लागत नव्हता. त्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, तिकडं रेंज नसते, दोन-तीन दिवसांनी लागेल. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी फोन लागला. भागीदाराच्या आजाराचं सगळ्यांना सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं. मी त्यांना गाडी सपाट जागी उभी करायला लावली, चाकांना दगड लावायला सांगितले आणि मोबाइलचा कॅमेरा चालू करून खाली झोपवलं. मुलगी टॉर्च धरून होती. ब्रॅकेट पाइपाला टेकलेलं होतं. पाइपावरचा रंग उडून धातू चकाकत होता. मी म्हटलं, बोट फिरवा, ओलं लागतंय का? ते बोट फिरवायला लागले. "कोरडं आहे," ते म्हणाले. मी त्यांच्याकडून प्लेट आणि ब्रॅकेट दोन्ही उतरवून घेतलं. मग खालच्या गावातून मेकॅनिक आला, त्यानं पाइप बदलला, आणि तोवर मी त्यांना गाडी हलवू दिली नाही.

परत आल्यावर डॉक्टर शेळके शेडवर येऊन गेले. जुना पाइप त्यांनी मुद्दाम आणला होता. त्यावर नख अडकेल एवढी खाच पडली होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुम्ही आम्हाला वाचवलंत. हणमंतरावांचा काय दोष, आजारच तसा होता." बोलायला पाहिजे होतं, तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी भल्या मनानं त्यांच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं की शिरवण्याचे हणमंतराव आजारी असताना त्यांच्याकडून चुका झाल्या आहेत, त्यांनी प्लेट बसवलेली असेल तर पुन्हा तपासून घ्या.

तो मेसेज फिरत फिरत वहिनींच्या भावाकडे पोचला. पाच दिवसांपूर्वी मी करंजाड्याला गेलो होतो. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या आणि विचारलं, "भाऊजी, यांच्या हातनं कुणाच्या गाडीत चूक झाली व्हती का?" मी म्हणालो, बघतो, वही पाहून सांगतो. चहा संपवला आणि निघून आलो.

वही मी तेव्हाच पाहिली होती. हे छापून आल्यावर माझ्याकडे गाडी कोण आणेल या विचारानं चार रात्री झोप नाही, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. वहिनी, नाही. त्याच्या हातून झाली नव्हती. ती गाडी माझी होती.