आईच्या कबरीमागची मुंगसं

आई गेली तेव्हा पप्पा हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. आयसीयूत कोणाला सोडत नव्हते. काचेतून तरी बघू द्या, म्हणून ते विनवून आले होते. नर्सने येऊन सांगितलं तेव्हा पप्पांनी एवढंच विचारलं, "जवळ कोण होतं?"

नर्सला प्रश्न कळला नाही. "ड्यूटी डॉक्टर होते ना काका," ती म्हणाली.

आम्ही ख्रिस्ती. आईला शहरातल्या जुन्या दफनभूमीत पुरलं. दफनभूमीच्या चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि भिंतीला लागून वाहता रस्ता आहे. पुढच्या ओळी झाडलेल्या असायच्या, मागे मात्र घाणेरीचं रान माजलेलं. पुढे जागा उरली नव्हती, म्हणून आईच्या वाट्याला ते रान आलं. मला ते फार लागलं. तिला एकटेपणाची भीती वाटायची. पप्पा ओझरच्या कारखान्यात रात्रपाळीला गेले की ती मला कुशीत घेऊन झोपायची, मी कॉलेजात जायला लागले तरी.

पप्पा रोज संध्याकाळी रिक्षा करून तिथं जाऊ लागले. घरी आले की काही बोलायचे नाहीत. असे बरेच दिवस गेले. मग एकदा जेवताना म्हणाले, "तिथं मुंगसं आहेत."

"कुठं?"

"आईच्या मागं ती मोडकी कबर आहे ना, तिच्याखाली बीळ आहे. पिल्लं पण आहेत."

गॅलरीत कबुतर टेकलं तरी हाकलणारा हा माणूस. आता रोज तिथली खबर आणू लागला. चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते, एक घोरपड दुपारभर दगडावर पसरलेली असते, असं काहीबाही. एका रविवारी मला हट्टाने घेऊन गेले. आम्ही शेजारच्या बुटक्या कबरीच्या कडेला बसलो. बऱ्याच वेळाने गवत हललं आणि मादी बाहेर आली, मागोमाग पिल्लं. लहानपणी गल्लीतल्या पोरांबरोबर मीही मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचे. हिला काही सांगावं लागलं नाही. ती थांबली, लाल डोळ्यांनी आमच्याकडे बघितलं आणि आईच्या मातीवरून सावकाश पलीकडे गेली.

पप्पा हळूच म्हणाले, "ती गेली तेव्हा जवळ आपलं कोणी नव्हतं. इथं निदान कोणीतरी जातं-येतं."



त्या हिवाळ्यात गंगापूर रोडला आमच्या भागात बिबट्या शिरला. गर्दी, आरडाओरडा, सगळं नेहमीचं झालं आणि अखेर एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये त्याला बेशुद्ध करून नेलं. दफनभूमीकडे तो फिरकलाही नव्हता. पण तिथल्या शेजारच्या सोसायटीने तक्रार केली, की असल्या झाडीत उद्या दुसरा येऊन बसेल. चर्चच्या कमिटीने मागचा भाग साफ करायचं ठरवलं.

पप्पा सभेत उभे राहिले. "थोडे दिवस थांबा. पिल्लं मोठी होऊ द्या."

मागे कोणीतरी हसलं. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. "काका, शेजारी लोकांची लेकरं खेळतात. साप निघतात. आपलीच माणसं मागे फुलं वाहायला जायला घाबरतात." त्यात मला चुकीचं काही सापडेना. म्हणून मी गप्प बसले. पप्पाही बसले.

जेसीबीने एका सकाळीत सगळं उपटलं. मोडकी कबर सपाट करून वर मुरूम टाकला. चिंच राहिली, पण ढोलीची फांदी गेली.

दोन-तीन दिवसांनी मला ऑफिसात पप्पांचा फोन आला. "जरा येतेस का?" मी पोहोचले तेव्हा ते दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. हातात रुमालाचं गाठोडं, त्यातून शेपटीचं टोक बाहेर आलेलं. मुंगूस भिंतीपलीकडच्या रस्त्यावर गाडीखाली आलं होतं.

वॉचमन मला म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा बाबांना. आत नाय आणता येत. माणसांची जागा हाय ही."

पप्पा वाद घालत नव्हते. नुसते उभे होते.

शेवटी वॉचमननेच खुरपं दिलं. बाहेर भिंतीच्या कडेला गुलमोहराखाली मी खणत बसले. जमीन दगडासारखी होती. जाणारे-येणारे स्कूटर हळू करून बघत होते.

"मादीच आहे?"

"हो."

"आणि पिल्लं?"

पप्पांनी रुमाल खड्ड्यात ठेवला आणि हाताने माती ओढली.

आता मागे पेव्हर ब्लॉक बसवलेत. वर्षानंतर आईची कबर बांधली, काळ्या ग्रॅनाइटची. सगळे म्हणतात, छान झालं, स्वच्छ झालं. पप्पा येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. मी रविवारी शेवंती घेऊन एकटीच जाते, उन्हात थोडी उभी राहते आणि परत येते. दार उघडलं की ते टीव्हीचा आवाज कमी करतात.

"काही दिसलं का गं?"

खोटं सांगावं असं दर वेळी मनात येतं. पण ते तोंडाकडे बघत असतात.

"नाही, पप्पा," मी म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.