पाहुण्यांसाठी नाच

"तू बोलू नकोस गं. तुम्ही आदिवासी मुली नाचा."

हे मॅडम म्हणाल्या, भर वर्गात. आमच्या पालघरच्या कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकास विभाग याच चालवतात! तपासणीला समिती येणार होती. बोईसरच्या कारखान्यांमागच्या नासलेल्या विहिरींवरचा प्रोजेक्ट माझा. पाण्याचे नमुने मी आणले, मी तपासले. समितीपुढे बोलणार मात्र पालघरजवळच्या माहीमच्या बागायतदाराची मुलगी. माझ्या तोंडून मध्येच 'नाय' निघतं, त्याने म्हणे कॉलेजची शोभा जाते. वर्ग हसला. मीही हसले. इतका विकास माझा त्यांनी केलाच होता.

वर फर्मान, "तुझे वडील तारपा वाजवतात ना? बोलाव त्यांना. पाहुण्यांना आवडतं."

जुलै महिना. घरी भाताची आवणी चाललेली, बाबा गुडघाभर चिखलात. नवं भात घरात येईपर्यंत आम्ही वारली तारप्याला फुंक मारत नाही. भिंतभर 'आदिवासी संस्कृती' चिकटवणाऱ्या या विदुषीला तेवढंही ठाऊक नव्हतं. सांगितलं तर म्हणते, "अगं, पाच मिनिटांनी काय होतंय?"

बाबाला फोन केला. तो म्हणाला, "नवं भात आल्याबिगर नाय वाजवत आमी. पन तुजं नुकसान होत असंल तर येतो."

मला रडू आलं. मॅडमच्या हातातल्या माझ्या एम.एस्सी.च्या शिफारसपत्रासाठी हा माणूस देवाला दुखवायला निघाला होता. कोणापुढे? तर या बाईपुढे.

"तू येऊ नको, बाबा," मी म्हणाले. "मीपन नाय नाचनार."

समिती आली. बागायतदाराची मुलगी घोकलेलं छान बोलली. एका पाहुण्यांनी विचारलं, "मग तिथले लोक आता पाणी कुठून आणतात?" ती मॅडमकडे बघू लागली. मॅडम छताकडे.

मी उठले. "मी सांगते. काम माझं हाय."

मुद्दाम 'हाय'च म्हणाले. मग सगळं सांगितलं, विहीर-विहीर, घर-घर.

बाहेर मॅडमनी गाठलं. "शिफारसपत्र विसर आता. एवढं शिकवलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

शिकवलं खरं. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकले. ते फक्त पाण्यापुरतं ठेवायचं होतं, असं कुणी बजावलं नव्हतं. पत्र तुमच्यापाशीच ठेवा, मॅडम. मी एम.एस्सी.ला इथेच अर्ज करणार आहे. नाकारायचं तर नाकारा, पण कारण भर वर्गात, माझ्या तोंडावर सांगावं लागेल. त्याशिवाय मी हलणार नाय.