एकशे सत्तावीस दात

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. आळेफाट्यावरचं वर्कशॉप बंद केलं, लेथ भंगारात गेला, तरी टाळलं. मध्यंतरी पेपरात वाचलं की आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, चार कोटींहून जास्त अंकांची. दोनला दोनने गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. दर वेळी मूळ संख्या मिळतेच असं नाही, म्हणून मिळाली की बातमी होते.

त्याच घराण्यातली एक लहान संख्या माझ्या चांगल्या ओळखीची आहे. सात वेळा दोन घेऊन गुणा, एकशे अठ्ठावीस. एक काढा, एकशे सत्तावीस. हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही.

माझा लेथ जुना, इंचाच्या मापाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दातांचा गिअर हवाच, कारण पाच इंच म्हणजे बरोबर तेवढे मिलिमीटर. गिअर कापताना भोकांच्या चकतीवर मोजून वर्तुळाचे सारखे भाग करतात. एकशे सत्तावीस भाग माझ्या कुठल्याच चकतीवर पडेनात. एकशे अठ्ठावीस सोळा भोकांच्या चकतीवर अलगद पडले. एका दाताने काय होतंय, म्हणून मी तसाच कापला आणि बरोबर गिअर घरी बनवला म्हणून फाट्यावर मिरवलं.

प्रत्येक आट्यामागे केसभर चूक साठत जायची, पण आखूड नटात ती कळायची नाही. मग राजुरीच्या एका गिऱ्हाइकाने लांब नटाच्या जॅकचे स्क्रू करून घेतले. ते माझा लेथ चालवणाऱ्या टर्नरने केले. तो लोणीचा, माझ्याहून मोठा, मी त्याला भाऊ म्हणायचो.

गिऱ्हाईक स्क्रू घेऊन परत आलं. "ह्यो स्क्रू हाय का कुलूप, राव? नट अर्धा चढून अडकलाय, आता म्होरं न्हाई का मागं न्हाई!"

टर्नरने स्क्रू हातात फिरवून पाहिला. "शेठ, एकदा गिअरचे दात मोजूया."

चहाला थांबलेले चार ड्रायव्हर ऐकत होते. मी म्हणालो, "हात हलतो तुमचा, भाऊ, अन् मोजायचे माझ्या गिअरचे दात?"

सगळे हसले. त्याने मशीन पुसलं, डबा उचलला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात मी गुपचूप पुण्याहून बरोबर गिअर आणला. स्क्रू सरळ चालू लागले आणि नव्या टर्नरची वाहवा झाली. 'हात हलतो' हे मात्र फाट्यावरच्या प्रत्येक गॅरेजात पोचलं. त्याला कुणी लेथवर उभं केलं नाही. एवढा चांगला कारागीर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलू लागला. मी बाजारात गेलो की त्या बाजूला जात नसे.

मागच्या वर्षी लोणीला गेलो. तो ओट्यावर बसला होता. सुनेने चहा दिला. त्याच्या हातातली बशी खडखडली, तसा तो हसला. "बघा शेठ, आता हलतोय. तवा न्हवता हलत."

मी बशीकडे पाहत चहा संपवला, पावसापाण्याचं विचारलं आणि एसटी गाठली. दिवाळीच्या आधी तो गेला.

भाऊ, दात मी चुकीचे पाडले होते, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ करा.